ती लेन्स मी नीट केली नव्हती

ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आता तिथं मोबाइल दुरुस्त होतात, रिचार्ज होतं, दारात चार्जर आणि इअरफोन टांगलेले असतात. पण चाळिशी ओलांडलेली माणसं मला अजून 'लेन्सवाला'च म्हणतात. 'लेन्सवाल्याच्या दुकानापाशी उतरा' असं पाहुण्यांना फोनवर सांगतात. एके काळी पूर्णा, पोखर्णी, पार परभणीहून लोक बंद पडलेले डीव्हीडी प्लेअर घेऊन माझ्याकडे यायचे, कारण गेलेली लेन्स परत चालू करून देणारं दुसरं दुकान जवळपास नव्हतं. हे नाव ऐकलं की मी हसतो आणि विषय बदलतो. ज्या लेन्सांमुळं हे नाव झालं, त्यांतली एकही मी नीट केलेली नव्हती. त्या सगळ्या माझ्या वहिनींनी केल्या होत्या.

तेव्हा घरोघरी प्लेअर आले होते. लग्नाची सीडी, भजनाची सीडी, जयंतीच्या गाण्यांची सीडी. रस्त्याकडेच्या घरांत कापसाची आणि रस्त्याची धूळ एवढी की दोन वर्षांत प्लेअर 'नो डिस्क' दाखवायला लागायचा. मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला होता, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर मला डोळे मिटून उघडता यायचे, पण प्लेअरची लेन्स माझ्या हाताबाहेरची होती. कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसायची, चालली तर चालली. नाही चालली तर परभणीहून नवीन आणून टाकायची. सगळेच दुकानदार तेच करायचे.

दुकान पुढं आणि घर मागं, मधे एक दार आणि दाराला पडदा. थोरला भाऊ दिवसभर शेतात असायचा. वहिनी बोरी गावच्या. लग्न होऊन आल्यापासून गल्लीतल्या बायका गळ्यातल्या तुटलेल्या पोती त्यांच्याकडे घेऊन यायच्या. मोहरीएवढे काळे मणी वहिनी बोलता बोलता ओवायच्या, आणि गाठ कुठं मारली ते शोधून सापडायचं नाही. शाळा सातवीपर्यंत झालेली. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून माझं जेवणखाणही त्यांच्याकडेच.

एका दुपारी त्या मला जेवायला बोलवायला पडद्यापाशी आल्या. मी एक प्लेअर उघडून बसलो होतो. वरचं झाकण काढलेलं, डिस्क नाही, आणि चालू केल्याबरोबर आतली लेन्स दोन-तीनदा वरखाली हलली आणि थांबली. परत चालू केलं, परत तेच.

"ह्ये भिंग कामून नाचायलंय?" वहिनींनी विचारलं.

"डिस्क हुडकायलंय," मी म्हणालो. "डिस्कवरलं बारीक लिहिलेलं वाचायचं असतंय त्याला. लय जवळ गेलं तरी दिसत न्हाई, लय लांब गेलं तरी दिसत न्हाई. मंग वरखाली करून बगतंय, कुठून साफ दिसतंय ते."

"सुईत दोरा ववताना आपण हात पुढंमागं करतोत, तसं."

मला आयटीआयच्या सरांनी हे चार तासांत समजावलं होतं, तरी मला ते इतकं सरळ कळलं नव्हतं. मी त्यांना लेन्स जवळून दाखवली. हरभऱ्याच्या दाण्याएवढं भिंग एका काळ्या चौकटीत बसवलेलं असतं, आणि ती चौकट कशावरही टेकलेली नसते. केसासारख्या चार तारांवर ती अधांतरी लोंबते. चौकटीला तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी, दोन्ही बाजूंना लोहचुंबक. वेटोळ्यात वीज गेली की भिंग वर उचललं जातं, कमी-जास्त केली की खाली-वर होतं. दुसऱ्या वेटोळ्यानं ते आडवं सरकतं.

"आडवं कशाला?"

"डिस्कवर एकच लांबलचक सरी असते वैनी, मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी. डिस्क फिरताना जराशी डगमगते. सरी हालली की भिंगाला तिच्यामागं जावं लागतं. सरी सुटली की गाणं अडकलं."

त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, ह्ये तिरपं हाय. ह्या अंगाची तार सैल पडली."

मला काही तिरपं दिसत नव्हतं. डोळ्याला लावायचं मोठं भिंग आणून बघितलं तेव्हा दिसलं. एका तारेचं टोक डाकातून, म्हणजे सोल्डरिंगमधून, सुटलं होतं. अशी लेन्स फेकून द्यायची असते, असं मी त्यांना सांगितलं. तार धरायला चिमटा पुरत नाही, डाक द्यायची तापलेली कांडी लावली की प्लास्टिकच वितळतं. वहिनी म्हणाल्या, "फेकायचीच हाय तर मला द्या की."

जेवण झाल्यावर त्यांनी ती लेन्स मागच्या दारात, उजेडाला नेली. पहिली लेन्स त्यांनी मोडली. दुसरीही. माझ्याकडे गेलेल्या लेन्सांचं एक खोकं भरून पडलं होतं, त्यातल्या सात-आठ अशाच गेल्या. मग त्यांनी मला सांगितलं, कांडीचं टोक लय जाड आहे, त्याला तांब्याची तार गुंडाळून पुढं सुईसारखी काढून द्या. मी दिली. काटे काढायचा घरातला चिमटा त्यांनी दगडावर घासून टोकदार केला. एका मेलेल्या लेन्सची चांगली तार सोडवून दुसरीला लावायची, हेही त्यांनीच शोधलं. डाक लावताना त्या श्वास धरायच्या. लावून झाला की सोडायच्या, आणि मागच्या दारातून तो उसासा मला दुकानात ऐकू यायचा.

पोळ्याच्या आधी एका दुपारी त्यांनी लेन्स माझ्यापुढं ठेवली. मी ती प्लेअरमध्ये बसवली, डिस्क टाकली. भिंग एकदाच वर गेलं आणि स्थिर झालं. गाणं सुरू झालं. शेवटचं गाणंही अडकलं नाही. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी एवढा खूश झालो की शेजारच्या पानवाल्यालाही बोलावून दाखवलं. पण त्याला काय म्हणालो? "बग, लेन्स जिती केली." कोणी केली ते म्हणालो नाही. तेव्हा ते मुद्दाम नव्हतं. एवढ्यापुरतं मी स्वतःला माफ करतो.

पुढचं मात्र मुद्दाम होतं.

जवळच्या एका खेड्यावरचे गुरुजी त्यांचा प्लेअर घेऊन आले. परभणीत दोन दुकानांनी त्यांना नवीन लेन्स टाका म्हणून सांगितलं होतं, आणि त्या मॉडेलची लेन्स मिळत नव्हती. वहिनींनी दोन दुपारी लावून ती नीट केली. गुरुजी न्यायला आले, चालवून बघितला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लेका, तुझ्या हातात कसब हाय. कुठं शिकलास ह्ये?"

पडद्याच्या मागं वहिनी भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला.

"सरावाचं काम हाय गुरुजी," मी म्हणालो.

 मग भांड्यांचा आवाज परत सुरू झाला. संध्याकाळी वहिनींनी मला जेवायला वाढलं, भाकरी, ठेचा, नेहमीसारखं.  मी मनाला समजावलं, की बाईनं दुरुस्त केलं म्हटलं तर गिऱ्हाईक भरवसा ठेवणार नाही. भाऊ चिडेल. गल्लीत नाही नाही ते बोलतील. या तिन्हींपैकी एकही भीती खरी आहे का, ते मी कधी बघितलं नव्हतं.

गुरुजींनी शाळेत सांगितलं, शाळेतून गावांत गेलं. मग बाजाराच्या दिवशी लोक पिशवीत प्लेअर घेऊन यायला लागले. परभणीचे दुकानदार नुसत्या लेन्साच कागदात गुंडाळून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवायचे. मी त्या आत न्यायचो, वहिनी दुपारी मागच्या दारात बसायच्या. काम त्यांना मनापासून आवडायचं. कधी कधी मी न विचारता सांगायच्या, "आजची लय खोडीची हुती. तार लावली, तरी भिंग डुगडुगायलं. मंग बगितलं तर तारेच्या बुडाचं चिकट वाळून गेलतं." मी ऐकून घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी तेच वाक्य गिऱ्हाइकाला माझं म्हणून सांगायचो.

एकदा परभणीहून निरोप आला. तिथं एक सर टीव्ही-प्लेअर दुरुस्तीचा खासगी क्लास चालवायचे. त्यांनी माझं काम बघितलं होतं आणि मुलांना लेन्सचं काम दाखवायला एक दिवस या म्हणाले होते. भावाला अभिमान वाटला. वहिनींनी मला दोन नीट केलेल्या लेन्सा कापसात गुंडाळून दिल्या. एक तुटकी दिली, म्हणाल्या, "ही सोपी हाय. ह्या डाव्या अंगाची एकच तार लावायची हाय. तुमाला जमंल." त्यांनी दोन दिवस आधी मला शेजारी बसवून शिकवलंही होतं. माझ्या चिमट्यातून तार निसटायची. त्या हसायच्या नाहीत. "श्वास धरा," एवढंच म्हणायच्या.

क्लासमध्ये पंधरा-वीस मुलं टेबलाभोवती उभी राहिली. मी कांडी हातात घेतली, श्वास धरला, आणि तार तोडली. एक नाही, दोन. सरांनी सांभाळून घेतलं. "कसबी माणसाचं असंच असतं, लोकांपुढं हात चालत नाही," ते मुलांना म्हणाले आणि मी आणलेल्या नीट केलेल्या लेन्सा त्यांनी भिंगाखाली धरून मुलांना दाखवल्या. मग मुलं गेल्यावर आम्ही चहा प्यायला बसलो. सर त्या लेन्सा परत परत बघत होते.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "हा डाक बघा. इतका बारीक, इतका सारखा. मला हा बाईमाणसाचा हात वाटतो. तुमच्या घरात कोणी करतं का हे?"

मी कप खाली ठेवला. सरांना वाटलं, मला राग आला. ते घाईनं म्हणाले, "तसं नाही हो. मला बायकांची बॅच सुरू करायची आहे. बायकांचा हात या कामाला चांगला. पण शिकवायला बाई पाहिजे, तरच घरचे लोक पोरींना पाठवतील. आठवड्यातून दोनच दिवस यायचं. बसनं सकाळी येऊन संध्याकाळी परत. कोणी असलं तर सांगा."

हे मी आज लिहितो आहे तेव्हा सरांच्या टेबलावरचं फडकंसुद्धा मला आठवतं. एक शब्द बोलायचा होता. भाऊ हट्ट धरून अडून बसणारा माणूस नव्हता, त्याला मी पटवू शकलो असतो. ताडकळसहून परभणीला बस दर थोड्या वेळानं होती. वहिनींची मुलगी, माझी पुतणी, शाळेत जायला लागली होती. अडचण कुठलीच नव्हती. अडचण मी होतो. वहिनी त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या असत्या, तर दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा दीर झालो असतो, नुसता.

"न्हाई सर," मी म्हणालो. "आमच्या घरात बायांना यातलं काही कळत न्हाई."

नुसतं 'न्हाई' म्हणूनही भागलं असतं. पुढचं वाक्य मी का जोडलं, ते मला आजही सांगता येत नाही.

घरी आलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. "काय म्हणले सर?"

"लय खूश झाले काम बगून."

"काय म्हणले पण? नीट सांगा की."

"डाक लय बारीक हाय म्हणले. सारखा हाय म्हणले."

त्यांचा चेहरा उजळला. "कोणी केलं म्हणून इचारलं का?"

"इचारलं. घरीच करतोत म्हणलो."

करतोत. आमच्याकडं हे एक बरं आहे, एकाच शब्दात सगळं घर येतं. वहिनींनी त्या शब्दात स्वतःला शोधून घेतलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी गोडाचा शिरा केला.

दोन-अडीच महिन्यांनी बाजाराच्या दिवशी सर स्वतः आले. पूर्णेला काही काम होतं, जाता जाता थांबले. मी त्यांना खुर्ची दिली, आत चहा सांगितला. एरवी चहा मी पडद्याशी जाऊन घ्यायचो. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मला उशीर झाला, आणि वहिनी डोक्यावरून पदर घेऊन चहाचं ताट घेऊन स्वतःच बाहेर आल्या. मी ओळख करून दिली, "आमच्या वैनी."

सरांनी नमस्कार केला. चांगला माणूस होता. बोलायचं म्हणून बोलले, "तुमच्या भावजींचं काम आमच्या सगळ्या क्लासला माहीत आहे ताई. मी ह्यांना म्हणत होतो, घरात एखादी बाई हे काम जाणणारी असेल तर बायकांच्या बॅचला शिकवायला पाठवा. हे म्हणाले, आमच्या घरात बायांना यातलं काही कळत नाही. शेवटी बाई मिळालीच नाही. बॅच रद्द केली मी."

वहिनी ताट धरून उभ्या होत्या. कप हलला नाही, थेंब सांडला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, ताटाकडे बघत होतो, म्हणून एवढं मला माहीत आहे. त्यांनी एक कप सरांपुढं ठेवला, एक माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "साखर बगा, कमी-जास्त असंल तर सांगा." आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लेन्सांचं खोकं, चिमटा, कांडी सगळं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या केलेल्या तीन लेन्सा वेगळ्या कागदात बांधलेल्या होत्या.

"डोळे चुरचुरायलेत भावजी," त्या म्हणाल्या. "आता जमंना गेलंय."

त्यांचे डोळे त्यानंतर कितीतरी वर्षं ठणठणीत होते. रात्री उशिरापर्यंत पुतणीचा अभ्यास घ्यायच्या, गल्लीतल्या बायकांच्या पोती ओवायच्या. मला हे रोज दिसत होतं. पण त्यांनी मला एक सबब दिली होती आणि मी ती हात जोडून घेतली. "बरं वैनी, आराम करा," असं म्हणालो. म्हणजे खोटं त्यांनी बोलायचं, आणि सुटका माझी व्हायची.

गिऱ्हाइकांना मी सांगायला लागलो, "आता जुन्या लेन्सात दम न्हाई, नवीनच टाका." लोकांनी ऐकलं, कारण लेन्सवाला सांगतोय. एक-दोनदा मी स्वतः करून बघितलं. तारा तुटल्या. पुढं पेन ड्राइव्ह आले, मग मोबाइलवरच सगळं आलं, आणि प्लेअर लोकांनी माळ्यावर टाकले. कोणाला काही कळायच्या आत ते काम जगातूनच गेलं. मला त्याचं बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. वाटलं, आता विषयच संपला.

माझं लग्न झालं, मुलं झाली. भावानं रस्त्यापलीकडं वेगळं घर बांधलं, पण दार समोरासमोर. वहिनी मला कधी टाकून बोलल्या नाहीत. माझ्या बायकोच्या बाळंतपणात महिनाभर आमच्या घरात राबल्या. मी मनात म्हणायचो, विसरल्या असतील.

गेल्या वर्षी पुतणीला बघायला पाव्हणे आले. मुलगा पोखर्णीकडचा, बँकेत नोकरीला. बरोबर त्याचे चुलते होते, मोठे बोलघेवडे. भावाच्या बैठकीत सगळे बसले. माझी ओळख झाली तसे ते चुलते उठून उभेच राहिले.

"तुमी लेन्सवाले न्हवं? आवं, आमचा प्लेअर तुमीच चालू करून दिलता. परभणीच्या लोकांनी हात टेकलते. काय हात हाय म्हणून मी गावात सांगत हुतो सगळ्याला!"

पुतणी पोह्यांचं ताट घेऊन आलेली, तिच्यामागं वहिनी. माझ्या मनात काय आलं कोणास ठाऊक. 

"पाव्हणे, ते काम माझं नव्हतं," मी म्हणालो. "एक बी लेन्स म्या केली न्हाई. सगळ्या आमच्या वैनीनं केल्या. मला ते जमतच नव्हतं. नाव तेवढं माझं झालं."

 भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग चुलते मोठ्यानं हसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"ह्याला म्हणतेत मोठं मन! बगा रं, आपलं नाव वैनीला देऊन टाकलं पाव्हण्यापुढं. असं घर मिळायला नशीब लागतंय."

"न्हाई, खरंच," मी म्हणालो. "वैनी, तुमी सांगा की."

वहिनींनी पोह्याची ताटली चुलत्यांपुढं केली. "भावजी उगं कायबी बोलतेत," त्या म्हणाल्या. "लिंबू घ्या पाव्हणे."

सगळे हसले. बोलणं मुलाच्या बदलीवर गेलं. माझ्या चोरीचं शेवटी माझ्या चांगुलपणात रूपांतर झालं, आणि मी तिथं पोहे खात बसलो.

पाव्हणे गेल्यावर मी मागं गेलो. वहिनी हौदापाशी ताटल्या विसळत होत्या. मी म्हणालो, "वैनी, मी खरं बोललो तर तुमी कामून फिरवलं?"

त्यांनी वर बघितलं नाही. "आज कशाला बोललाव? इतके दिस तोंड हुतं की."

"सुचलं आज."

"पोरीची सोयरीक ठरायली तितं. आन् तुमचं वझं तुमी माझ्या पोरीच्या पोह्यात टाकायलाव."

त्यांनी इतकं कडक मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकवलं. मी तिथंच दगडावर बसलो. म्हणालो, "वैनी, सर आलते त्या दिवशी तुमी ऐकलं. मला तेवा माफी मागायची हुती."

"मागितली असती तर?"

 मग मी विचारलं, जे विचारायला मला इतकी वर्षं भीती वाटत होती. "मी सरांना हो म्हणलो असतो, तर तुमी परभणीला गेल्या असत्या का?"

त्यांनी हातातली ताटली उपडी घातली. विचार करत होत्या. खोटं बोलायची त्यांना गरज नव्हती आणि मला बरं वाटावं असं काही सांगायचीही नव्हती.

"गेले असते का न्हाई, ते मला बी सांगता यायचं न्हाई भावजी," त्या म्हणाल्या. "तेवा पोरगी लहान हुती. चारचौघात बोलायची सवय नव्हती. भ्यालेच असते मी. पण न्हाई म्हणायचं हुतं, तर ते म्या म्हणलं असतं."

एवढंच. मग आतून पुतणीनं हाक मारली आणि त्या गेल्या.

सोयरीक जमली. लग्न झालं. पुतणी पोखर्णीला नांदते, सुखात आहे. तिचे चुलत सासरे अजून येता-जाता माझ्या मोठ्या मनाची गोष्ट लोकांना सांगतात, असं तिच्याकडूनच कळलं. मध्ये एकदा परभणीला गेलो तेव्हा सरांचा क्लास शोधला. त्या जागी कपड्यांचं दुकान आहे. दुकानदाराला विचारलं, त्याला सर कोण तेही माहीत नव्हतं. सरांना तरी खरं सांगावं असं ठरवून गेलो होतो. तेही राहिलं.

मागच्या महिन्यात वहिनी दुकानात आल्या. त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग होत नव्हतं. आता माझ्याकडे टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे, मोबाइलच्या बारीक कामाला सगळे वापरतात. त्यांचा फोन उघडून मी त्याखाली ठेवला होता. त्या शेजारी उभ्या होत्या.

"बगता का वैनी?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे लावले. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता, आणि अंगठा अन् पहिलं बोट चिमटा धरल्यासारखं एकमेकांवर टेकलेलं होतं.

"किती मोठं दिसतंय," त्या म्हणाल्या. "डाकाचा थेंब वाटाण्याएवढा दिसायलाय. तेवा असं काही असतं तर..."

मी वाट बघत होतो.  त्यांनी डोळे बाजूला घेतले, चष्मा नाकावर ओढला.

"झाल्यावर फोन पाठवून द्या," म्हणाल्या. "पोरीचा फोन येणार हाय सांजच्याला." आणि रस्ता ओलांडून घरी गेल्या.